माशीच्या पुढच्या पायाचे अभ्यासक

माझ्या अक्काच्या नवऱ्याइतका निरुपयोगी विद्वान उभ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. जळगावच्या एका कॉलेजात दाजी प्राणिशास्त्र शिकवत. सगळा जिल्हा केळी पिकवून विकत असताना हे गृहस्थ घरात केळी सडवत आणि दुधाच्या बाटल्यांत त्यावर फळमाश्या पाळत. घरात कूलर एकच, तोही माश्यांसमोर. उकाडा वाढला की त्यांचा वंश खुंटतो म्हणे. अक्का मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल घेऊन भाकरी थापायची आणि माश्या वाळ्याच्या गारव्यात नांदायच्या.

बरं, अभ्यास तरी कशाचा? तर माशीच्या पुढच्या पायांवरच्या केसांचा. माशी पायानंही चव घेते. नराच्या पुढच्या पायांवर चवीचे केस मादीपेक्षा जास्त, कारण तो आधी मादीला पायानं चाखून बघतो आणि मग तिची मनधरणी करतो. कुणाला किती केस फुटायचे, हे जनुकं ठरवतात. हे पुराण मी दर भेटीत ऐकलं आहे. धाकट्या भाचीला बघायला चोपड्याचे पाहुणे आले, तेव्हा दाजींनी मुलाच्या आबांच्या हातात भिंग देऊन सांगितलं, "माश्यांमध्ये शेवटचा होकार मादीचा असतो." तरी लग्न जमलं, ही त्या लोकांची सहनशक्ती.

पुढे एका बाटलीत त्यांना वेगळाच वाण मिळाला. नर असून पायांवर केस मादीइतकेच. कुठलं तरी जनुक बिघडलेलं. सहा वर्षं त्यांनी तो पोटच्या पोरासारखा जपला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, पुण्याचे एक मोठे संशोधक तो बघायला येणार होते. पन्नाशी उलटलेल्या दाजींच्या नावावर तोवर एकही शोध नव्हता.

आखाजीला दोन्ही भाच्या माहेरी आल्या. आमरसाच्या पातेल्यावर माश्या घिरट्या घालू लागल्या. दाजी पेपर तपासायला गेले होते. अक्का वैतागून म्हणाली, "भाऊ, घरमा पोरी येल शेतस. ह्या बठ्ठ्या बाटल्या गच्चीवर ठी द्या." मी आनंदानं नेऊन ठेवल्या, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी, भर उन्हात. मग रस चापून ताणून दिली.

चार वाजता दाजी आले. मी मागोमाग गच्चीवर गेलो. साऱ्या बाटल्यांच्या तळाशी माश्यांचा काळा थर बसला होता. त्यांनी एकेक बाटली हलवून बघितली.

"मीच ठेवल्या," मी म्हणालो.

"ऊन फार आहे आज," ते म्हणाले आणि खाली गेले.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला कार्ड लिहून माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं. कार्डच ते, मी वाटेत वाचलं. "माझ्या निष्काळजीपणामुळे वाण नष्ट झाला. आपण येण्याची तसदी घेऊ नये." मला फार लाज वाटली. पेटीजवळ थांबून मी खिशातलं पेन काढलं, खाली मोकळी जागाही होती. पण मी काही लिहिलं नाही. कार्ड तसंच आत टाकलं.