कांद्याचे पापुद्रे
कांद्याच्या गोणीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली वाशी आठवते. “नवी मुंबईत फोटो काढण्यासारखं आहे काय? नुसतं सिमेंट,” असं फोटोग्राफीचे सर वर्गात म्हणाले, तेव्हा मी चिडून दुसऱ्या दिवशी सकाळीच कांद्याचा घाऊक बाजार गाठला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. कांदे निवडणाऱ्या एका मावशींनी रिकामी गोणी झटकली आणि तिरप्या उन्हात तांबूस पापुद्रेच पापुद्रे उडाले. मी बटण दाबलं. त्या फोटोला एका फोटोग्राफी स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेतल्या फोटोंच्या प्रदर्शनाला मी मावशींना मुद्दाम घेऊन गेले. फोटोसमोर पदर सावरून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या, “ही मीच हाय बघा!” सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या सरांनी. आजही कुठल्याही देशात गेले, तरी कॅमेरा घेऊन मी आधी तिथल्या बाजारात शिरते.