आठ तुकड्यांचा फोटो

बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या एका कारखान्यात खंडोजीने बत्तीस वर्षं पत्रा कापला. शहाण्णव साली, निवृत्तीच्या तपासणीत, छातीच्या एक्स-रे फोटोत उजव्या बाजूला ठिपका दिसला. मग सीटी स्कॅन झालं.

डॉक्टर भाग्यलक्ष्मी बेळगावकडच्या, मराठी बोलायच्या. "कडा साफ आहेत," त्या म्हणाल्या, "पण एवढ्यावरून कॅन्सर नाही असं सांगता येत नाही. जुना फोटो आहे? तेव्हाही ठिपका एवढाच असेल तर थांबू. नाहीतर छाती उघडून काढावा लागेल."

"त्र्याण्णवचा आहे. खोकला होता तेव्हाचा. क्षय नाही म्हणून परत दिलेला."

"मग आणा."

"आठ तुकड्यांत आहे."

पंचाण्णवच्या सूर्यग्रहणाला त्यानेच तो कापला होता. पट्टी लावून, रेघ मारून, आठ सारखे तुकडे करून गल्लीत वाटले होते. त्यातून सूर्य बघणं डोळ्यांना वाईट, हे सगळ्यांचं बघून झाल्यावर कळलं.

तुकडे गोळा करायला त्याची बायको सकवारबाई निघाली. पाच सहज मिळाले. शेजारच्या अनुसूयाक्काने एक पुढच्या ग्रहणासाठी ट्रंकेत ठेवला होता. समोरच्या रत्नाकरने खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवला होता.

"ह्यांच्या छातीचा आहे तो," सकवारबाई म्हणाली.

"तरीच वारा अडतोय, अक्का," रत्नाकर म्हणाला आणि स्टुलावर चढला.

आठवा मिळाला नाही. तो खालचा, पोटाकडचा होता.

डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर नवा फोटो लावला, शेजारी सात तुकडे जुळवले. कापाची रेघ बरोबर ठिपक्यातून गेली होती. अर्धा ठिपका अनुसूयाक्काच्या तुकड्यावर, अर्धा रत्नाकरच्या.

"कापताना मधलं किती गेलं असेल?"

"काहीच नाही. करवत भुसा पाडते. ही कात्री आहे."

डॉक्टरांनी तुकडे सरकवून पाहिले. फट पडेना. मग दोन्ही फोटोंवर पट्टी धरली. नव्यावर नऊ मिलिमीटर, जुन्यावर नऊ.

"पुन्हा मोजा," खंडोजी म्हणाला.

त्यांनी मोजलं. नऊच.

"तीन वर्षांत वाढला नाही. ऑपरेशन नको. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. हे कापलं कोणी?"

"मी."

"सरळ आहे."

तो घरी आला तेव्हा दारात सकवारबाई उभीच होती. "काय म्हणाल्या?"

"कापणी सरळ आहे म्हणाल्या."

"आणि छातीचं?"

"उघडायची नाही."

ती खाली बसली. चहा त्यानेच केला.