लीलाबाईंचा बिनछपराचा कारखाना

लीलाबाई चुरींशी वाद घालायचा तर घरून पोटभर जेवून निघावं, असं आगाशी गावात म्हणत. कारण बाई मधेच थांबत नसत.

बाई सुकेळी करायच्या. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी गोळा करून सुक्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. पंधरा वर्षं हात बाईंचे आणि केळी मात्र व्यापारी शेठची! सांडोरच्या केळीच्या वाड्यांमध्ये घड झाडावर असतानाच शेठचा माणूस आगाऊ पैसे मोजून त्यावर लाल चिंधी बांधून जाई. चिंधी बांधली की घड त्याचा. बाईंच्या वाट्याला मजुरी. वर शेठ हसून म्हणायचा, "लीलाबाई, तुमच्या हाताला गोडी आहे हो!" ते ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गोडी माझ्या हाताची, मग चिंधी तुझी का रे बाबा?

एकोणीसशे एकसष्ट साली कळलं की लहान धंद्याला बँक कर्ज देणार आणि हमी सरकार घेणार. बाईंनी ठरवूनच टाकलं, यंदा सांडोरचे घड आपण घ्यायचे.

अर्ज लिहिला त्यांच्या यजमानांनी. रामनाथ पोस्टात कारकून, अक्षर मोत्यासारखं आणि काळीज सशाचं. अर्जात रकाना होता, 'कारखान्याचे छप्पर'. आता मांडवाला कसलं आलंय छप्पर! पण रकाना मोकळा ठेवायची त्यांची छाती होईना. त्यांनी लिहिलं, 'पत्र्याचे', आणि पत्र्यांसाठीही रक्कम मागून टाकली. बायकोला बोलले नाहीत.

ठाण्याहून बँकेचे साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं, तेव्हा बाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या. मांडवावर घरच्या वाडीतली केळी वाळत होती. रामनाथांनी शेजाऱ्यांचे पत्रे मागून आणले आणि मांडवावर चढवले. तीन दिवस केळी त्या पत्र्यांखाली राहिली.

पाहणीच्या सकाळी बाई परतल्या. कुंपणाच्या वईपाशीच त्यांना आंबूस वास आला.

"अहो! हे काय करून ठेवलंत?"

"अगं, हळू. साहेब आलेत. छप्पर नसेल तर अर्ज फेटाळतील."

गुरुदत्त नावाचे ते तरुण साहेब मांडवाशी उभे राहून खूश होऊन लिहीत होते. बाईंनी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि पहिला पत्रा धाडकन खाली टाकला. मग दुसरा. साहेब दोन पावलं मागे सरले. रामनाथांनी डोळेच मिटले.

"बाई, छप्पर काढलंत तर मी कारखाना म्हणून काय लिहू?"

"थांबा, सांगते." बाईंनी पत्र्याखालचं एक केळं त्यांच्या हातावर ठेवलं. साहेबांनी चावा घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग बाईंनी घरातून मागच्या खेपेचं सुकेळं आणलं. ते साहेबांनी सगळं खाल्लं, बोटंसुद्धा चाटली.

"पहिलं तुमच्या रकान्याचं, दुसरं माझं," बाई म्हणाल्या. "कर्ज मिळावं म्हणून मी माझा माल नासवणार नाही. लिहा, छप्पर नाही."

साहेबांनी नाइलाजाने लिहिलं.

"पुढे लिहा, लागतही नाही."

"तसं लिहायची पद्धत नाही, बाई."

"मग आजपासून पाडा! बसा तिथे. लिहिल्याशिवाय चहा नाही."

साहेबांनी लिहिलं. चहा प्यायले आणि गेले. रामनाथ महिनाभर धड जेवले नाहीत. "मिळालं असतं गं," एवढंच म्हणत राहिले. बाईंनाही आतून धास्ती होती. शेठच्या दारात पुन्हा मजुरीला जायचं म्हणजे जीव नकोसा होणार. पण पत्रे त्यांनी ज्याचे त्याला देऊन टाकले होते.

माघात कागद आला. रामनाथांनी वाचला. कर्ज मंजूर, छपराची रक्कम वजा, कारण छप्पर लागत नाही.

"मी कुठे मागितली होती ती?" बाई म्हणाल्या. रामनाथ एकदम पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपलं जुनं पिवळं लुगडं टराटरा फाडलं. शेठचा माणूस चार दिवसांनी सांडोरला पोचला, तर घडाघडावर पिवळी चिंधी.

"ही कोणाची हो?"

"माझी," शेवटच्या घडाला गाठ मारत बाई म्हणाल्या. "जा, सांग तुझ्या शेठला. गोडी हातासकट गेली म्हणावं."