काकांचा ळ

“थांब पोरी, तिला उठू दे.”

मी पत्रकाचा मजकूर टेबलावर आपटला की काका एवढंच म्हणायचे. उपरण्याच्या टोकानं पडदा पुसायचे, बटण दाबायचे आणि कॉम्प्युटर घरघरत जागा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे. ‘ती’ म्हणजे त्यांचं मराठी सॉफ्टवेअर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की काका हसायचे. दिवसभरात तेवढंच.

परभणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीतलं ते टायपिंगचं दुकान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. काका तिथले ऑपरेटर. मूळचे बोरीचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, राहायला भाड्याची एक खोली. मी विद्यापीठाच्या नामांतरासाठी गावोगाव पत्रकं वाटणारी. आमचा मजकूर टाईप करायला बाकीचे दुकानदार कां-कूं करायचे. लाइट नाही म्हणायचे, आणि डोक्यावर पंखा फिरत असायचा. काकांनी कधी कां-कूं केलं नाही. ‘शोषक’ शब्द आला की तेवढा मोठ्यानं वाचायचे आणि मालकाकडे बघायचे.

त्या सॉफ्टवेअरमधला मूळचा ळ त्यांना पसंत नव्हता. उपाशी दिसतो म्हणायचे. पण त्यात एक सोय होती. ठिपके भरून आपलं अक्षर आपणच घडवता यायचं, रांगोळीसारखं. काकांनी आपला ळ घडवला. दोन्ही पोटं गोल, भरलेली, बोरीच्या शाळेत पाटीवर गिरवला होता तसा. आता ‘चळवळ’ हा शब्द तर आमच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर. झरीच्या स्टँडवरचा चहावाला मी एसटीतून उतरतानाच हातातल्या गठ्ठ्याकडे बघून सांगायचा, “आलं तुमचं. ळ दिसायलाय.”

मग मालकानं नवा कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. माऊसवाला, चित्रांवर टिचकी मारायची असला. जुना बदल्यात जाणार होता. त्या दिवसापासून काका दिसेल त्याला एकच विचारू लागले, “नव्यात ही चालंल का?” बँकेतल्या कारकुनाला विचारलं, कॉलेजच्या प्राध्यापकाला विचारलं, लग्नपत्रिका घ्यायला आलेल्या नवरदेवालासुद्धा विचारलं. तो बिचारा “चालंल की” म्हणाला, तर काका दिवसभर खूश.

मलाही विचारलं. मी सवयीनं भाषण दिलं. जुन्याला कवटाळून समाज पुढे जात नाही, आम्ही तर एक नाव बदलण्यासाठी लाठ्या खातोय, वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नाव बदललं तरी विद्यापीठ तेच ऱ्हाईल ना? पोरं तीच, वर्ग तेच. मग माझंबी तसंच व्हावं. मशीन बदलू दे, आत ही ऱ्हाऊ दे.”

मला भाषणं येतात. मी मजकुराचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या ते घट्ट झाकणाच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे. बोरीला त्यांच्या घरी बियाणं तसंच ठेवत. बुरशी लागू नये म्हणून पाला बदलायचे, आणि पाला बदलला की फ्लॉपीची नवी प्रत काढायचे. औरंगाबादहून नवं मशीन जोडायला आलेल्या मेकॅनिकनं डबा उघडला आणि हसत सुटला.

“काका, फ्लॉपी हाय का ज्वारी?”

“बियाणंच हाय,” काका म्हणाले.

फ्लॉपी नव्या मशीनमध्ये गेली. पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. काकांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा चौकटी. मेकॅनिक म्हणाला, ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी आहे, जुनं विसरा. काका उठले.

“हितं तिला उठवंना झालंय.”

मी मालकाशी भांडले. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात राहू द्या म्हटलं. “कोपरा कुठाय?” मालक म्हणाला. पण माझा खरा राग दुकानदारावर नाही. ज्यांनी कुठंतरी दूर बसून हे नवं बनवलं, त्यांना जुन्यासाठी एक दार ठेवायला काय झालं होतं? ही जात आमच्या ओळखीची आहे. निर्णय घेते, आणि तो ज्याच्यावर पडतो त्याला विचारत नाही.

त्याच थंडीत विद्यापीठाचा निर्णय झाला. नामांतर मागणाऱ्यांना सरकारनं नामविस्तार दिला. तरी आम्ही नाचलो. विजयाचं पत्रक नव्या मशीनवर निघालं, नव्या ऑपरेटरच्या हातचं. काका तोवर दुकानात यायचे थांबले होते. पत्रक देखणं होतं, छापील पुस्तकासारखं. गठ्ठा घेऊन मी झरीला उतरले. चहावाल्यानं पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

“कोणाचं हाय हे?”

“आमचंच.”

त्यानं ‘चळवळ’वर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि कप पुढे केला.

हे काकांना सांगायलाच हवं होतं. परतीच्या एसटीतून उतरले ती थेट त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बोरीला गेले, डबा तेवढा बरोबर नेला, परत यायचं काही बोलले नाहीत.

खिडकी उघडीच होती. आत कागद अंथरून कडुनिंबाचा पाला सुकत घातला होता, डब्यात बदलायचा. अजून हिरवा होता.