यंदाचा अल्बम

वरूडकडच्या एका गावात चंद्रभान नावाचा संत्र्याचा बागायतदार राहतो. त्याला बँडचा नाद आहे असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगलेवाले उभे राहतात. चंद्रभान ते दुरुस्त करत बसत नाही. कोणाला समजवायचं की हे वाजवणारे चौघं इंग्लंडातले, त्यातले दोघं आता हयात नाहीत, आणि त्यांनी कधी कोणाच्या वरातीत वाजवलेलं नाही. त्याची बायको कौशल्या त्यांना 'तुमचे ते चौघं' म्हणते. घरात तेच नाव चालतं.

ते चौघं त्याला भेटले अमरावतीला, कॉलेजात असताना. वसतिगृहात त्याच्या खोलीत धामणगाव रेल्वे या गावच्या एका अडत्याचा मुलगा होता. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि एकच इंग्रजी कॅसेट होती. कॅसेटची एक बाजू कधीची चुकून पुसली गेलेली, त्यामुळे दोघांनी वर्षभर अर्धाच अल्बम ऐकला. कॅसेटवर बर्फात उभ्या असलेल्या एका लाल बसचं चित्र होतं. चंद्रभानला शब्द फारसे कळत नसत. पण दिवेलागणीला खिडकीत बसून ते ऐकताना त्याला वाटायचं, की आपण त्या बसमध्ये बसलो आहोत, बस सुरू होत नाही आणि तरी कुठंतरी चाललो आहोत.

पुढे वडील गेले, बगीचा अंगावर आला, आणि बस राहिली बर्फातच.

खूप वर्षांनी मुलगी दामिनी लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत गेली. जाताना तिने आपला जुना फोन बापाला दिला आणि त्यात गाणी कशी शोधायची ते शिकवलं. एका दुपारी शोधता शोधता बोटाखाली लाल बस आली. चंद्रभान बगीच्याच्या धुऱ्यावर, बांधावर बसला होता, तो तसाच बसून राहिला. पुसलेली बाजू त्याने त्या दिवशी ऐकली. आणि त्याच दिवशी त्याला कळलं की बसच्या पुढेमागे त्या चौघांनी आणखी बरेच अल्बम केले आहेत. घोड्याचा, पुलाचा, धुक्याचा. नावं इंग्रजी, पण तो चित्रावरून ओळखायचा.

दुसरा कोणी असता तर त्याने सगळे आठवड्यात ऐकून टाकले असते. चंद्रभान संत्र्याचा माणूस. संत्र्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फुलवता येतं, आंबिया बहार आणि मृग बहार. शहाणा माणूस एकच धरतो. दोन्हींचा लोभ केला की झाड थकतं. आणि बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. महिना दीड महिना झाड तहानेलं उभं राहतं, पानं मलूल होतात, आणि मग पहिलं पाणी दिलं की फांदीफांदीतून पांढरी फुलं निघतात. चंद्रभानने अल्बमलाही तोच कायदा लावला. वर्षाला एक. झाडं ताणावर सोडली की आपले कानही ताणावर सोडायचे, काहीच ऐकायचं नाही. पहिलं पाणी दिलं की नवा अल्बम लावायचा, आणि मग वर्षभर तोच, फुलांत, फळांत, तोड्यात. एकेक अल्बम असा मुरायचा की त्यातलं गाणं कुठल्या झाडाखाली पहिल्यांदा आवडलं, ते त्याला झाडासकट आठवायचं.

"बाबा, फुकट तर आहे सगळं," दामिनी फोनवर हसायची. "कायले पुरवून पुरवून खाऊन राहिले?"

"पिकलं म्हणून एका दिवशी सारं तोडत नाई बाई," तो म्हणायचा. "झाडावर राहू द्यावं. गोडी वाढते."

असं करता करता तीन अल्बम उरले. एक आरशाचा, जो सगळ्यांत नावाजलेला. तो त्याने मुद्दाम मागे ठेवला होता. एक समुद्रातल्या दिव्याचा. आणि एक शेवटचा, ज्यावर नुसती एक रिकामी खुर्ची होती, म्हातारपणी केलेला.

या पौषात कौशल्या त्याला अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो म्हणत होता कान ठीक आहेत, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. चंद्रभान बराच वेळ बटण हातात धरून बसला. आवाज यायची वाट पाहत होता. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सपाट चालत आलेली रेघ मध्येच टेकडीवरून उतरावी तशी खाली गेली होती.

"ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, वय," डॉक्टर म्हणाले. "बारीक आवाज आधी जातात. जाड आवाज पुष्कळ दिवस राहतील. यंत्र लावलं की बोलणं समजेल."

"अन् गाणं?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "ऐकू येईल. पण आता जसं येतं तसं येईलच असं नाही सांगत."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. बाहेर बगीच्यांमागून बगीचे सरकत होते, ताणावर सोडलेले, धुळीच्या रंगाचे. त्याला आपली चूक दिसत होती, आणि ती संत्रेवाल्याचीच चूक होती. फळ झाडावर टिकतं म्हणून त्याने ठेवलं. फळ टिकलंच होतं. त्या आरशाच्या अल्बमला काही झालं नव्हतं. सुकत होता तो देठ.

पुढचे काही दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. तीनही ऐकून टाकावेत असं एकदा वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. घाईघाईत तिन्हींचा चिखल झाला असता. ऐकायचा एकच, नीट, पण कोणता? दामिनी म्हणाली, "आरशाचाच ऐका ना बाबा. सारं जग त्याले चांगलं म्हणते." पण जगाचे कान शाबूत होते. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं, की ज्यात बारीक आवाज जास्त आहेत तो कोणता. तो आधी. जाड आवाजांचा पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. आणि हेच त्याला स्वतःला ठरवता येत नव्हतं. जे आपल्याला ऐकूच येत नाही ते कशात आहे, हे आपण कसं सांगणार?

पहिल्या पाण्याच्या आदल्या दुपारी तो कौशल्याला म्हणाला, "बगीच्यात चालते का? काम आहे."

ठिबकच्या नळ्या पाहायच्या असतील म्हणून ती आली. त्याने झाडाखाली संत्री भरायचे दोन रिकामे कॅरेट उलटे टाकले, तिला एकावर बसवलं आणि इअरफोनच्या दोन्ही गुंड्या तिच्या हातात दिल्या.

"हे मी ऐकू?"

"तूच ऐक. मी आता ऐकलं त त्याचं नवेपण जाते. तू फक्त सांग कशात बारीक आवाज हायेत."

"मले काय समजते तुमच्या चौघाइचं?"

"समजायचं कायले? कान तर हायेत ना."

तिने गुंड्यांची तार सोडवली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाले, मी म्हणून राहिली. तो दयाळ पक्षी येते सकाळी, आयका म्हणते, अन् तुमी हं हं करता."

"मले वाटे तू सहज म्हणते."

"हाव. मी सारं सहजच म्हणते," कौशल्या म्हणाली आणि गुंड्या कानात घातल्या.

चंद्रभानने आधी दिव्याचा लावला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसला. हिवाळ्यातलं ऊन मलूल पानांतून तिच्या पदरावर उतरत होतं. एका अल्बमकडे त्याने असं बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. तिच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, पायाचा अंगठा मातीत हलला.

"हे त मोटारपंपासारखं हाय," ती नको तितक्या मोठ्याने म्हणाली. "धडधड, धडधड. पण वाईट नाई."

मग त्याने खुर्चीचा लावला. ती ऐकायला लागली आणि ऐकतच राहिली. डोळे मिटले. त्याने विचारलं, "कसं हाय?" तिने उत्तर दिलं नाही. "कौशल्या?" तिने हात वर करून त्याला थांबवलं. आज तो बोलत होता आणि तिला ऐकू येत नव्हतं. गंमत वाटली त्याला. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, तो मात्र त्याला स्पष्ट येत होता.

"याच्यात एक म्हातारा माणूस हाय," बऱ्याच वेळाने ती डोळे मिटूनच म्हणाली. "बाजूले बसून बोलल्यावानी गाते. जाड आवाज. हे राहीन तुमाले."

"अन् हा?" त्याने आरशाचा लावला.

ती लगेच ताठ बसली. "बाप्पा. हे लय बारीक हाय. काचेच्या बांगड्या डब्यात घालून कोणी हलवते ना, तसं. मंग थांबते. मंग अजून येते, दुरून."

म्हणजे ठरलं. इतकी वर्षं दाराआड उभा असलेला पाहुणा आता आत येणार होता. उद्याच्या पाण्यापर्यंत थांबायचा कायदा त्याने स्वतःच मोडला. "दे," तो म्हणाला. "एक तू ठेव, एक मले दे." त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग खालून गिटारची एक जाड तार आली, हळूहळू, पहाटेच्या धुक्यातून बैलगाडी यावी तशी. मग माणसाचा आवाज. चांगलं होतं. फार चांगलं होतं. बर्फातली बस सुरू झाल्यासारखं वाटत होतं. तो बांगड्यांची वाट पाहू लागला.

"कवा येतात?" त्याने विचारलं.

"काय?"

"बांगड्या."

कौशल्या त्याच्याकडे वळली. "वाजून राहिल्या ना. पहिल्यापासून."

त्याने गुंडी कानात आणखी दाबली, मग दुसऱ्या कानात घालून पाहिली. तार होती, माणूस होता. मध्ये मोकळी जागा होती. ती जागा रिकामी आहे हेसुद्धा तिने सांगितलं म्हणून कळलं. कौशल्याने त्याच्या कानाजवळ हात नेऊन मनगट हलवलं. हिरव्या बांगड्या उन्हात चमकल्या, एकमेकींवर आपटल्या. चंद्रभान पाहत राहिला. या बांगड्यांचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला, हे त्याला आठवेना. स्वयंपाकघरातून येणारा तो आवाज कोणत्या वर्षी थांबला? थांबला तेव्हा तो काय करत होता?

गाणं चालूच होतं. कौशल्याने हळूच विचारलं, "मंग तो म्हाताऱ्याचा लावू का? तो पुरा येईन तुमाले."

हे खरं होतं. तो खुर्चीचा पुरा येणार होता, काना-मात्रेसकट. शहाणा माणूस तोच धरेल. चंद्रभानने फोन हातात घेतला, खुर्चीच्या चित्रावर अंगठा नेला आणि तसाच धरून ठेवला. त्याला वाटलं, पुढच्या वर्षी ही जाड तार तरी अशीच येईल का, कोण जाणे. आणि हा आरशातला माणूस कशाभोवती गातो आहे, ते ओळखायचं तर एवढं एकच वर्ष आहे आणि या एकाच बाईचे कान आहेत.

"हाच राहू दे," तो म्हणाला.

"अर्धाच ऐकू येते तरी?"

"उरलेलं तू सांगशीन."

"मी?" कौशल्या म्हणाली. "रोज?"

"रोज नाई. दुपारी, तुले टाइम असला की."

"अन् सांगू काय? तेच ते. वाजलं, थांबलं, वाजलं."

"तेच सांग. कवा वाजलं, कवा थांबलं."

तिने पदराने तोंड पुसलं. मग कॅरेट त्याच्या कॅरेटला सरकवलं, कारण इअरफोनची तार पुरत नव्हती, आणि त्याचा तळहात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"बोलत बसली त मले आयकू येनार नाई," ती म्हणाली. "असं सांगते."

आणि तिने नखाने त्याच्या तळहातावर टिचकी मारली. एक. मग थांबून दोन, भराभर. मग बराच वेळ काहीच नाही. चंद्रभानने डोळे मिटले. खालची तार चालत होती, त्या माणसाचा आवाज तिच्यावरून चालत होता, आणि त्या दोघांच्या वर, जिथं आतापर्यंत मोकळं होतं, तिथं काहीतरी पडू लागलं. हलकं, झाडावरून फूल पडावं तसं.

"मले झोप लागली त?" कौशल्या मध्येच म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला. "गानं पहिल्यापासून लावू."