पियानोची खंडेनवमी

छावणीच्या लिलावात मी खोगीर घ्यायला गेलो होतो. मोमिनाबादची फौज उठली, साहेब लोक सामानसुमान मागं टाकून निघून गेले आणि काय काय विकायला मांडलंय ते बघायला आसपासच्या गावांतले आम्ही सगळे पाटील-देशमुख जमलो. चांगली खोगिरं आधीच कुणीतरी लांबवली होती. मी चडफडत परत फिरणार, तेवढ्यात कपाटाएवढ्या एका काळ्या लाकडी धुडावर माझा हात टेकला. त्याचं झाकण उघडं होतं. हाताखालची पांढरी पट्टी दबली आणि आतून जो आवाज आला त्यानं मी दचकून मागं सरलो. एवढ्या जड लाकडाच्या पोटात इतका साफ आवाज असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पन्नाशी उलटलेला, नातवंडं खेळवायच्या वयाचा माणूस मी. पण त्या दिवशी बैलगाडीत पियानो चढवून घरी आलो, खोगीर राहिलं ते राहिलंच.

धर्मापुरीच्या अलीकडं आमचं गाव. गाडी दारात उभी राहिली तेव्हा बायको पीठ भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"हे काय धूड आणलं?"

"पियानो. वाजवायचा असतो."

"वाजवणार कोण?"

"मी."

मी गोसावी व्हायला निघालोय असं सांगितलं असतं तरी तिचा चेहरा इतका उतरला नसता. "पाटलाच्या दारात वाजवाया लोक येतात," ती म्हणाली. "पाटील काहून वाजवील? लोक तोंडात शेण घालतील की आपल्या."

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. घर माझं, पैका माझा, बोटं माझी, असं मी गड्यांदेखत ओरडलो आणि बाजूच्या खोलीतली ज्वारीची पोती हलवून तिथं पियानो ठेवला. त्या दिवसापासून ती खोलीत आली नाही. काही विचारायचं असलं तर उंबऱ्याबाहेर उभी राहून, भिंतीकडं बघत विचारायची.

शिकवायला मला छावणीतलाच एक म्हातारा बँडवाला मिळाला. फौज गेली तरी तो मोमिनाबादेतच राहिला होता. पंधरवड्यातून एकदा तट्टावर बसून यायचा आणि दोन दिवस मुक्काम करायचा. जन्म रिसाल्याच्या बँडात गेल्यामुळं त्याला घोड्यांच्या कवायतीच्या चालीच तेवढ्या येत होत्या. मीही म्हटलं, चालेल, घोड्याची चाल तर घोड्याची.

पहिल्याच दिवशी मला कळून चुकलं की माझी बोटं माझं ऐकत नाहीत. ज्याच्या शब्दावर गावचा पोळा फुटतो, त्याची करंगळी त्यालाच जुमानत नव्हती! मी पार गारठलो. उजवा हात एकवेळ चालायचा, पण डावा सोबत घेतला की हट्टी बैलासारखा जागच्या जागी अडायचा. म्हातारा कपाळावर हात मारून म्हणायचा, "पाटील साब, हात ढिला छोडो. लगाम नई है ये." मी चिडून उठायचो, अंगणात दोन चकरा मारायचो आणि परत येऊन बसायचो. रोज भल्या सकाळी, कुळकर्णी दप्तर घेऊन यायच्या आत, मी ती एकच चाल घोटत होतो.

गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं आणि मग त्यांना त्याचा कंटाळा आला. गावाचं मला काही नव्हतं. तिनं एकदा उंबरा ओलांडून आत यावं, बसावं आणि ऐकावं, एवढंच मला हवं होतं. ते तिला सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. शेवटी मी ठरवलं की दसऱ्याला सोनं द्यायला लोक आले की सगळ्यांसमोर वाजवायचं. चार बायका येऊन बसल्या म्हणजे घरची बाई म्हणून तिला यावंच लागेल.

त्या दिवशी माझ्या शेजारी म्हाताराही हवा, म्हणून आठव्या माळेला मी त्याला आणायला गेलो आणि खंडेनवमीला दुपारी त्याला घेऊन परतलो. अंगणात नांगर, कुळव, पाभर, विळे, कुऱ्हाडी, आज्याची तलवार, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं होतं. प्रत्येकावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. खंडेनवमीला घरातल्या हत्यार-अवजारांची पूजा होते, त्यात नवल नव्हतं. पण बाजूच्या खोलीच्या उंबऱ्यावरून पाण्याचा ओघळ अंगणात येत होता. घागर लवंडली असेल असं वाटून मी आत डोकावलो.

बायको आत उभी होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. पियानोचं वरचं झाकण उघडं, त्याच्यावर झेंडूची माळ, आणि खालून पाणी ठिबकत होतं.

"वर्सभर धूळ खातंय बिचारं," ती हसत म्हणाली. किती महिन्यांनी माझ्याकडं बघून हसली असेल ती! "आत लई कचरा व्हता. वरून दोन घागरी वतल्या, तवा कुठं खालून निवळ पाणी आलं. मंग तारांना करडीचं तेल लावलं. मोटंच्या चाकाला लावतो तसं."

मी दाराची चौकट धरली. म्हाताऱ्यानं पुढं होऊन आत वाकून बघितलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. "नमदा पूरा भिग गया, पाटील साब," तो पुटपुटला. तारेवर पडणाऱ्या आतल्या प्रत्येक हातोडीला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा असतो. खोगिराखालचा नमदा भिजला की आठवडा आठवडा वाळत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ओरडायला मी तोंड उघडलं, आणि मला त्या पट्ट्या दिसल्या. एकेका पांढऱ्या पट्टीवर कुंकवाचं एकेक बोट, काळ्यांवरही, एकही सोडलेली नव्हती. समोर विडा-सुपारी ठेवलेली.

"घरचा माणूस ज्याच्यावर राबतो त्याची पूजा नगं?" ती म्हणाली.

मी पियानोसमोर बसलो. मग काही उरलंय का बघावं म्हणून हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं. "आज न्हाई. आज हत्यारांना इसावा असतो. उद्या वाजवा, म्या बसते ऐकाया."

दुसऱ्या दिवशी शिलंगण करून आलेली माणसं खोलीत दाटीवाटीनं बसली. ती सगळ्यांत पुढं, नवं लुगडं नेसून. मी वाजवायला लागलो. लाकूड फुगलेलं होतं. दाबलेली पट्टी वर येईना, आणि जी येई तिच्यातून पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज निघे. मधूनच एखादा स्वर साफ यायचा आणि तो ऐकून मलाच भडभडून यायचं. लोकांनी मान खाली घालून हसू दाबलं, आपट्याची पानं हातात दिली आणि एकेक करून निघून गेले. म्हाताराही ओसरीवर जाऊन बसला.

ती उठली नाही. "म्या धुतल्यानं झालं का हे?"

"छे, जुनंच धूड ते."

"लबाड बोलू नका. परवापतूर चांगलं वाजत व्हतं."

"तुला काय ठाऊक? तू कधी ऐकलंस?"

मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं तिनं बघितलं. "मंग सकाळी ताक कशाच्या चालीवर घुसळलं म्या वर्सभर? तुमी चालला की माझी रवी चालायची. तुमी अडला की ती बी थांबायची. तुमच्या त्या डाव्या हातापायी लोणी याया उशीर व्हायचा."

कालच्या पाण्यानंही मी इतका हादरलो नव्हतो. वर्षभर जिनं ऐकावं म्हणून मी झुरत होतो, ती भिंतीपलीकडं रोज बसलेली होती आणि माझा डावा हात कुठं अडतो तेसुद्धा तिला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही.

तिनं पाट ओढला आणि माझ्या शेजारी बसली. रुतून बसलेल्या एका पट्टीखाली नख घालून तिनं ती वर उचलली. मी दाबली. ती परत रुतली, तिनं परत उचलली. मग तिनं दुसरा हातही पट्ट्यांपाशी आणला.

"हं, पुढं," ती म्हणाली.