मंडुराचं वय

नंदुरबारला आमच्या घरामागच्या अंगणात गोवऱ्यांची एक भट्टी होती. तिच्यासमोर बसून मी आयुष्यातली बरीच वर्षं काढली. माझे वडील, आबा, वैद्य होते. अंगातलं रक्त कमी होऊन माणूस पिवळा पडतो, त्या पांडुरोगावर त्यांचं मंडूर नावाजलेलं होतं. मंडूर म्हणजे लोखंडाची मळी. लोखंड गाळताना जी घाण वितळून बाहेर वाहते आणि थंड होऊन काळ्या ढेकळासारखी घट्ट होते, ती. ही ढेकळं विस्तवात लाल करायची, चिमट्याने उचलून गोमूत्रात विझवायची, पुन्हा लाल करायची. असं करता करता एक दिवस ढेकूळ बोटांत चुरतं. मग ते खलात घोटायचं. त्या वासाची सवय व्हायला मला वेळ लागला.

मी मुळात तिथे रोगी म्हणून आले होते. लग्नानंतर दोनदा गर्भ गेला, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. ‘बरी झाली की न्यायला येऊ’ म्हणाले. आबांनी रोज सकाळी ताकातून मंडूर दिलं. आधी नखं गुलाबी झाली, मग ओठ. सासरचं मात्र कोणी आलं नाही. त्यांनी दुसरी सून आणल्याचं पुढे कानावर आलं. तोवर मी आबांच्या हाताखाली खल घोटायला बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटत होतं.

मंडुराच्या बाबतीत शास्त्र कडक आहे. शंभर वर्षांचं जुनं ते उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं हलकं, आणि त्याहून कोवळं ते विषासारखं. आबा पुडी देताना रोग्याला हमखास सांगायचे, ‘शंभर वर्षांचं आहे, निर्धास्त घे.’ ऐकूनच माणसाच्या चेहऱ्यावर अर्धा रंग परत यायचा.

एकदा घोटता घोटता मी विचारलं, “आबा, याचं वय तुम्हाला कळतं कसं?”

“आणणारा सांगतो.”

“आणि त्याला?”

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पुड्या बांधायला घेतल्या.

मंडूर आणणारा डोंगरातल्या मोलगीच्या बाजूचा एक भिल्ल होता. दिवाळीनंतर डिंक, बेहडे, चारोळी आणि पाठीवरच्या गोणीत ती काळी ढेकळं घेऊन तो उतरायचा. घरी तो भिली बोले, आमच्याशी मोडकी अहिराणी. त्या वर्षी तो आला तेव्हा आबांनी स्वतःहून विषय काढला.

“हाई कितलं जूनं शे रे?”

“गंज जूनं शे, वैद्यबाबा.” गंज म्हणजे पुष्कळ.

“शंभर वरीसनं?”

“व्हई,” तो म्हणाला. “तुम्ही शंभर म्हना तं शंभर.” मग आबांचा चेहरा पाहून त्याला वाटलं असावं की आपलं बोलणं खोटं ठरतंय. तो घाईने म्हणाला, “मन्ही याहाले इचारा ना. तिनी भट्टी देखेल शे.”

याहा म्हणजे आई. आबांच्या हातातला तराजू तसाच राहिला. त्याची आई जिवंत होती, आणि ही मळी जिच्यातून निघाली ती भट्टी तिने पेटलेली पाहिली होती.

तो गेल्यावर आबा नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “वैद्याला औषधाचं कूळ माहीत पाहिजे. जाऊन येऊ.”

“मीही येते.”

“घाट चढवेल?”

“तुमच्याच मंडुरावर उभी आहे मी,” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

पौषात निघालो. तापी उतरून तळोद्यावरून अक्कलकुव्यापर्यंत बैलगाडी. पुढे आबा सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेल्या त्यांच्या तट्टावर, मी बरीचशी पायी. मंडूर आणणारा तो भिल्ल आम्हाला घ्यायला अक्कलकुव्याच्या बाजाराला आला होता. वाटेत तो मागे वळून बघे, मी बसले की तोही बसे, आणि काही न बोलता पुन्हा उठे.

त्यांची घरं एका टेकाडावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. खाली नाला, आणि नाल्याच्या काठावर एक ढीग. आधी मला ती लहानशी टेकडीच वाटली. तिच्यावर गवत वाळलं होतं, एका अंगाला मोहाचं झाड उभं होतं. जवळ गेल्यावर पायाखाली करकर वाजायला लागलं. गवताखाली सगळं मंडूर होतं. माणसांनी फेकलेल्या मळीचा ढीग इतका मोठा होऊ शकतो, हे मी त्याआधी कधी मनात आणलं नव्हतं. आम्ही शहरात बसून त्यातली चिमूटचिमूट मोजत होतो.

म्हातारी अंगणात मका सोलत होती. कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत हरवलेलं. नजर मात्र साफ होती. ती भिलीत बोलायची, मुलगा अहिराणीत सांगायचा. पाहुणे दगडाची चौकशी करायला इतक्या लांब आले, याचं तिला हसू येत होतं. पण हळूहळू ती बोलती झाली. भट्टी तिच्या बापाची होती; लग्नानंतर नवराच इथे राहायला आला होता. छातीएवढी उंच, मातीची. खाली कातड्याचे दोन भाते, ते पुरुष पायांनी दाबायचे. कोळसा अंजनाचा चांगला, सागाचा नको. आणि दगड फोडायची गरजच नसे.

“मग लोखंड कशातून काढत?” मी विचारलं.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून नाल्यात उतरली, आणि आम्ही तिच्या मागे. पाणी वळतं तिथे वाळूवर काळ्या रेघा उमटल्या होत्या. तिने लाकडी काठवटीत वाळू घेतली आणि पाण्यात डोलवायला लागली. पांढरं वरून वाहून जाई, काळं तळाशी राही. पावसाळा सरला की बायका-पोरी हेच काम करायच्या, ती म्हणाली. पुरुष भट्टीचं सांगतात, वाळू कोणी सांगत नाही.

आबांनी औषधांच्या पेटीतून लोहचुंबक काढलं. भस्मात कच्चं लोखंड राहिलं का, ते बघायला ते जवळ बाळगायचे. काठवटीवर धरताच काळी रेव उडी मारून त्याला चिकटली, दाढीसारखी. म्हातारी दोन पावलं मागे सरली. मग तिने चुंबक मागून घेतलं, स्वतः करून पाहिलं आणि खळखळून हसली. “हे तेव्हा असतं तर माझी कंबर वाचली असती,” असं ती म्हणाल्याचं मुलाने सांगितलं.

भट्टी बंद का पडली, याची तिने तीन कारणं सांगितली. जंगल सरकारी झालं, कोळसा पाडायला बंदी आली. बाजारात आयत्या लोखंडाच्या पट्ट्या मिळायला लागल्या. आणि तिसरं, एका वर्षी भट्टी रुसली, लोखंड खाली उतरेना, नुसती मळी येत राहिली, तेव्हा बापाने भाते उतरवून ठेवले. यातलं पहिलं कुठलं नि शेवटचं कुठलं, हे तिला सांगता येईना. मी फिरूनफिरून विचारत राहिले, तशी ती चिडली. “सगळं एकदमच आलं,” म्हणाली.

आबांना एवढंच हवं होतं की कधी. ती म्हणाली, तेव्हा ती कपाळही न गोंदलेली पोर होती. आणि पुढे छप्पन्या दुष्काळात, म्हणजे एकोणीसशेच्या सुमारास, तिची दोन लेकरं गेली होती. आबा बोटांवर हिशेब करायला लागले. शंभर दूरच, साठही भरत नव्हती. त्यांनी बोटं मिटून घेतली आणि ढिगाकडे बघत बसले.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, “वरचं कोवळं. हा तर वरचंच उचलून आणत असणार.”

“खालचं जुनं असेल की. म्हातारीच्या आजाच्या, पणजाच्या वेळचं.”

“असेल. पण तू खाल्लंस ते वरचं.”

“मग मी बरी कशी झाले?”

आबांनी कोट काढला, पागोटं माझ्या हातात दिलं आणि कुदळ मागितली. त्यांना मी तोवर खलाच्या बत्त्याखेरीज जड काही उचलताना पाहिलं नव्हतं. मोहाच्या मुळांजवळ, ढिगाच्या अगदी तळाशी ते खणायला लागले. म्हातारीच्या मुलाने मदतीला हात लावला, तर म्हणाले, “राहू दे.” दम लागला तेव्हा मात्र त्यांनी कुदळ दिली. दोन गोण्या भरल्या, एक तळाची, एक वरची. तोंडांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या.

घरी येऊन त्यांनी दोन्ही गोण्यांतली ढेकळं शेजारी मांडून फोडली, तोलली, जिभेला लावून पाहिली. रंग एक, वजन एक, फुटण्याची तऱ्हा एक. मला म्हणाले, “तू सांग, यातलं जुनं कुठलं?” मी चुकीचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा चाचपून पाहिलं, तेही चुकले.

मग त्यांनी वरच्या ढेकळांचं मंडूर वेगळं करायला सांगितलं आणि ते स्वतः घ्यायला लागले. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी रोज त्यांची जीभ बघायची, नखं बघायची. त्यांना काही झालं नाही. होळी आली, गेली, ते ठणठणीत होते.

“म्हणजे शास्त्र चुकलं?” मी विचारलं.

“ते कशावरून? ज्यांनी लिहिलं त्यांनी काही पाहिलं असेल, ते आपल्याला माहीत नाही. आपल्याला माहीत नाही, एवढंच खरं.”

त्यानंतर त्यांचं बोलणं बदललं. पुडी देताना ते सांगायचे, “जुनं आहे. किती ते मला ठाऊक नाही. माझ्या लेकीने घेतलंय, मीही घेतलंय.” बऱ्याच जणांना हे रुचलं नाही. एक सधन शेतकरी आपल्या सुनेला घेऊन आला होता. तो उठताना म्हणाला, “वैद्यबाबा, तुमले ठाऊक नही तं आम्ही कोनवर भरोसा ठेवाना?” आणि दुसऱ्या वैद्याकडे गेला. तिथे दोनशे वर्षांचं मंडूर मिळायचं. आबांनी त्याला अडवलं नाही. त्या सुनेचा पांढराफटक चेहरा मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून गेला नाही. महिनाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे तिची चौकशी करत होते. ती बरी झाल्याचं कळलं तेव्हा म्हणाले, “चांगलं झालं. ढीग तोच असणार.”

मला मात्र म्हातारीच्या त्या तीन कारणांनी सोडलं नाही. दर हिवाळ्यात मी घाट चढायला लागले. आबा आले नाहीत तेव्हाही गेले. कोळसा कसा पाडत, भात्याचं कातडं कशाचं, वाळू किती धुतली की एक विळा होई, असलं विचारत बसायची. धुळ्याच्या एका इतिहासप्रेमी गृहस्थांना मी एकदा हे सांगितलं. त्यांनी आस्थेने ऐकलं आणि विचारलं, “पण हे कोणत्या राजवटीत?” मी म्हटलं, म्हातारीच्या बापाच्या. त्यांनी विषय बदलला.

आबा गेले, नंतरच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रस्त्याच्या कामावाल्यांनी तो ढीग खडीसाठी उचलला. मी शेवटची गेले तेव्हा मोहाच्या मुळांशी नुसता खड्डा होता. म्हातारीचा मुलगाही आता पिकला होता. त्याने मला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि नातवंडांना हाका मारल्या.

“हाई पोरं मानतंच नही,” तो म्हणाला. “आठे लोखंड बनतं व्हतं असं सांगं तं हासतस. तुम्ही सांगा त्यासले.”

मग मी सांगितलं. त्यांच्या पणजीने मला जे सांगितलं होतं ते मी अहिराणीत सांगत गेले, आणि तो पुन्हा त्याचं भिलीत करत गेला. काठवट, काळी रेव, भाते, रुसलेली भट्टी. दोघं-तिघं ऐकत होती, एक मुलगी शेळीच्या मागे निघून गेली. थोरल्या मुलाने काहीतरी विचारलं.

“तो इचारस,” आजा म्हणाला, “इतलं लोखंड बनाडं, मंग ते गयं कथं?”

ते सगळं लोखंड गेलं कुठे, हे मी म्हातारीला कधी विचारलंच नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो मुलगा उठून नाल्याकडे उतरला. थोड्या वेळाने त्याच्यामागे बाकीचीही गेली, आणि खालून त्यांचा वाळू उपसण्याचा आवाज यायला लागला.